ज्या गाण्याला नाकं मुरडली तेच टिकलं? (पाओला आणि किआरा)

मिलानकर

मंडळी, इथे संगीताचे दर्दी बरेच आहेत म्हणून विचारतो. आमच्या ऑफिसातली चाळिशी ओलांडलेली इटालियन माणसं एरवी 'आम्ही फक्त फाब्रित्सिओ दे आंद्रे (इकडचा गंभीर गीतकार-गायक) ऐकतो' छापाची. पण पार्टीत 'वामोस आ बाइलार' लागलं की सगळ्यांना हातवाऱ्यांसकट पाठ! चौकशी केली तेव्हा कळलं की हे पाओला आणि किआरा येत्सी या मिलानच्याच दोन बहिणींचं गाणं. साल २०००.

मग मी मागे जाऊन ऐकायला लागलो. जोडी जमली १९९६ साली. १९९७ला 'आमिची कोमे प्रिमा' या गाण्यावर सानरेमो या इटलीतल्या गाजलेल्या गाण्यांच्या स्पर्धेचा नवोदित गट जिंकला. गिटार, लोकसंगीताचा बाज, थोडी आयर्लंडकडची झाक. फार गोड प्रकरण आहे ते. त्याच वर्षीचा 'ची क्यामानो बांबिने' आणि १९९८चा 'जोर्नाता स्तोरिका' हे दोन्ही अल्बम मला आवडले. आणि मग २०००मध्ये अचानक स्पॅनिश ध्रुवपद, समुद्रकिनारा, कंबर हलवणं. गिटारवाल्या मुली गायब.

माझं मत: पहिल्या दोन अल्बममधल्या बहिणी खऱ्या, पुढच्या बाजाराने घडवलेल्या. दुसरं मत, जरा आगाऊ: सख्ख्या बहिणींनी एकत्र धंदा करू नये. या दोघी २०१३ला वेगळ्या झाल्या, २०२३ला परत आल्या, आता पुन्हा वेगळ्या. तुम्हाला काय वाटतं? आणि अजून काय ऐकू?

खमंग_भाजणी

किआरा म्हणजे आपली अडवाणी समजून धावत आले. धागा वाचून परत चालले.

मिलानकर

@खमंग_भाजणी, थांबा हो ताई. ही किआरा मोठी बहीण, जन्म १९७३चा. पाओला १९७४ची. तुमची अडवाणी तेव्हा कुठे होती!

टेपरेकॉर्डर

बऱ्याच दिवसांनी माझ्या विषयातला धागा. नव्वदच्या दशकात मी शिकायला तोरिनोला होतो, त्यामुळे हे सगळं ताजं ताजं ऐकलंय.

मिलानकर, तुमची गोष्ट १९९७पासून सुरू होते, तिथेच गडबड आहे. त्याच्याही आधी या दोघी 'एलेफंकी' नावाच्या गटात फंक आणि अॅसिड जॅझ गात होत्या. म्हणजे मुळातच नाचायचं संगीत! मग क्लाउदिओ चेक्केत्तो या निर्मात्याच्या नजरेत भरल्या आणि '८८३'मध्ये कोरसला गेल्या. ८८३ म्हणजे पाविआच्या मॅक्स पेत्सालीचा बँड, नाव हार्ले डेव्हिडसनच्या मोटरसायकलवरून घेतलेलं. त्याचा जोडीदार माउरो रेपेत्तो १९९४मध्ये सोडून गेला होता, तेव्हा मंचावर नवे चेहरे हवेच होते. त्या काळात इटलीत ८८३ ऐकला नाही असा कॉलेजातला पोरगा मिळणं मुश्कील. अशा बँडच्या मागे उभं राहून या दोघींनी मोठे जमाव जवळून पाहिले.

तेव्हा 'गिटारवाल्या साध्या मुली' हेसुद्धा एक रूपच होतं. त्याआधीचं फंक खरं, की मधली गिटार खरी, की नंतरचं स्पॅनिश? कुठल्याही एका थांब्यावर उतरून 'हेच गाव खरं' म्हणता येत नाही.

सरळसोट

दोन ओळींत सांगतो. पॉप म्हणजे पॅकिंग. १९९९ला रिकी मार्टिन जगभर वाजला, २०००मध्ये सगळ्यांना स्पॅनिश यायला लागलं. यात कला शोधू नका.

अनुराधा_म्युनिक

@सरळसोट, तुमचं नाव सार्थ आहे. पण मुद्दा इतका सरळ नाही.

युरोपात उन्हाळ्याचं गाणं हा वेगळाच प्रकार असतो. इटलीत ऑगस्टमध्ये अर्धा देश किनाऱ्यावर जातो, आणि प्रत्येक छत्रीखाली, प्रत्येक आइस्क्रीमच्या दुकानात तेच गाणं वाजत असतं. त्याला साजेसा फेस्टिव्हलबार नावाचा कार्यक्रम होता: गावोगावच्या चौकांत रंगमंच आणि शेवट व्हेरोनाच्या रोमन अरेनात. १९६४पासून २००७पर्यंत चालला. तिथे टिकायचं तर गाणं तीन मिनिटांत अंगात भिनलं पाहिजे. हे जमवणं सोपं असतं तर दरवर्षी प्रत्येक कंपनीने जमवलं असतं. त्या लाटेवर स्वार झालेल्यांपैकी किती जणांची गाणी आज ऑफिसच्या पार्टीत वाजतात?

शिवाय या दोघी आपली गाणी मुख्यत्वे स्वतःच लिहीत आल्यात. पॅकिंग म्हणा हवं तर, पण आतला मालही त्यांचाच.

गोदाकाठ

याच बाईंचं 'कामासूत्रा' नावाचं गाणं आहे ना? २००२च्या 'फेस्तिव्हाल' अल्बममध्ये. माझा एक मित्र फ्लोरेन्सला होता, त्याला तिथले लोक विचारायचे, 'तुमच्याकडे हे शाळेत शिकवतात का?' तो बिचारा 'नाही, शाळेत आम्हाला भूमिती प्रमेयं' म्हणायचा.

खमंग_भाजणी

हहपुवा (हसून हसून पुरती वाट). वात्स्यायनाला रॉयल्टी मिळाली का?

सरळसोट

बघा, हेच म्हणतोय. एका वर्षी स्पेन, दोन वर्षांनी भारत. जे शहर विमानतळाच्या फलकावर दिसेल त्याचं गाणं.

अनुराधा_म्युनिक

या एका बाबतीत मी सरळसोटशी थोडी सहमत. भारताचं नाव आलं की टिकली, उदबत्ती आणि कामसूत्र, यापलीकडे त्या काळचं युरोपियन पॉप गेलं नाही. मला ते गाणं ऐकायला बरं वाटतं आणि वाचायला कंटाळवाणं. पण त्यासाठी फक्त या दोघींना धरू नका, तेव्हा हा रोग सगळ्यांनाच होता. आणि आपल्या सिनेमातलं स्वित्झर्लंड तरी कुठे खऱ्या स्विस माणसासारखं असतं?

पडदानशीन

अवांतर पण महत्त्वाचं. 'वामोस आ बाइलार'च्या व्हिडिओचा दिग्दर्शक कोण, माहितीये? लुका ग्वादानिनो! २०१७ साली 'कॉल मी बाय युवर नेम' करून जगभर गाजला तोच. म्हणजे आमचे चित्रपट महोत्सवात झोळी घेऊन फिरणारे मित्र ज्याच्यावर लेख लिहितात, त्याने आधी या बहिणींना नाचवलंय. सरळसोट, आता बोला, पॅकिंग!

सरळसोट

पोट सगळ्यांनाच असतं.

कानसेन_काका

मला इटालियन ओ की ठो कळत नाही. पण धागा वाचून दोन्ही काळातली गाणी ऐकली, त्यावर लिहितो.

बहिणींच्या गाण्यात एक गंमत असते. आवाजाची जात जवळची, उच्चार एकाच घरात घडलेले, श्वास घ्यायच्या जागासुद्धा जुळतात. त्यामुळे दोघी एकाच सुरात गायल्या की एकच आवाज जाड झाल्यासारखा वाटतो, आणि एकीने वरचा स्वर धरला की सांधा दिसत नाही. सुरुवातीच्या गिटारवाल्या गाण्यांत हे स्वच्छ ऐकू येतं कारण वाद्यं कमी आहेत. नंतरच्या गाण्यांत ढोलताशा इतका की आवाजाचं नातं शोधावं लागतं. म्हणून मिलानकरांचं पहिलं मत मला पटतं, पण कारण वेगळं. बाजाराचा राग नाही, कानाची तक्रार आहे.

आपल्याकडे 'उत्सव'मधलं (१९८४) लता-आशांचं 'मन क्यूं बहका' ऐका. तिथे उलटा प्रकार आहे. सख्ख्या बहिणी, पण दोन स्वभाव दोन बाजूंना उभे आणि मजा त्या फरकाची. कर्नाटक संगीतातल्या रंजनी-गायत्री मुंबईत वाढलेल्या, त्यांचे अभंग ऐकलेत का? तिथे दोन आवाज एकमेकांत असे मिसळतात की डोळे मिटले तर कोण गातंय सांगता येत नाही. बहिणी म्हटलं की एकच साचा नसतो.

निद्रानाशी

काका, अभंगाची लिंक द्या ना. (धाग्याची वाट लागली तरी चालेल.)

कानसेन_काका

'रंजनी गायत्री अभंग' असं शोधा, रात्र पुरणार नाही. तुमचं नाव बघता सोयीचंच आहे.

सरळसोट

मूळ मुद्द्यावर येतो. २००५ला सानरेमोत 'आ मोदो मिओ' गायल्या, हिट गाण्यांचं संकलन काढलं आणि त्यानंतर? 'विन द गेम' (२००७), 'मिल्लेलुची' (२०१०), 'जुंग्ला' (२०१३). मिलानकर, तुमच्या ऑफिसात यातलं एक तरी गाणं कुणाला पाठ आहे का विचारा. पॅकिंग जुनं झालं, गिऱ्हाईक गेलं.

टेपरेकॉर्डर

गिऱ्हाईक गेलं हे खरं, कारण अर्धवट आहे.

त्या सोनी सोडून बाहेर पडल्या आणि 'त्रेपेर्त्रे' नावाचं स्वतःचं लेबल काढलं. आता २००५ नंतरचा काळ आठवा. सीडीचा धंदा बसत चाललेला, गाणी फुकट उतरवून घेतली जातायत आणि आजच्यासारखं स्ट्रीमिंग अजून आलेलं नाही. अशा वेळी मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय रेडिओवर जागा मिळवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. त्यात संगीत इलेक्ट्रॉनिक क्लबकडे वळवलं, इंग्रजीत गायल्या. जुन्या चाहत्यांना ते नको होतं आणि नव्यांनी त्यांच्यावर 'उन्हाळी गाणंवाल्या' असा शिक्का आधीच मारला होता.

आता १९९७च्या सानरेमोकडे या. त्या वर्षी नवोदितांत या दोघी पहिल्या आणि मुख्य स्पर्धेत पहिली 'यालिस्से' नावाची नवरा-बायकोची जोडी. ते दोघं युरोव्हिजनला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेला गेले, चौथे आले. त्यानंतर इटलीनेच युरोव्हिजन सोडलं ते थेट २०११पर्यंत! आणि यालिस्से? पुढे वर्षानुवर्षं सानरेमोला अर्ज करत राहिले, आणि त्यांचा नकार हा दरवर्षीचा राष्ट्रीय विनोद झाला. मुख्य बक्षीस मिळालेल्यांची ही गत. त्या मानाने पाओला-किआराने तीन दशकांत काय काय केलं ते बघा.

निद्रानाशी

यालिस्सेंसाठी वेगळा धागा काढा कुणीतरी. मनाला लागलं.

रातकिडा

एक बाजू अजून कुणी मांडली नाही. मधल्या ओसाड वर्षांत ही गाणी जिवंत कुणी ठेवली? इटलीतल्या समलैंगिक समाजाने. प्राइडच्या मिरवणुका, ड्रॅगचे (बायकी झगमगीत रूप घेऊन करायचे) कार्यक्रम, लहान शहरांतले क्लब. रेडिओने सोडून दिलं तेव्हाही तिथे 'वामोस आ बाइलार', 'फेस्तिव्हाल' वाजत होतं. पाओला मधल्या काळात डीजे म्हणून फिरली, किआरा अभिनयाकडे वळली. पुढे २०२३मध्ये पाओला 'ड्रॅग रेस इटालिया'ची परीक्षक झाली, ती काही हवेतून नाही. ज्यांनी सांभाळलं त्यांच्यात ती आधीपासूनच होती.

'गंभीर' श्रोते ज्या गाण्याला हसतात ते गाणं कुणासाठी तरी पहिल्यांदा मोकळेपणाने नाचल्याची जागा असते. मिलानमध्ये मी प्राइडला गेलोय, चाळिशीतले बाप्ये ही गाणी ओरडून गाताना पाहिलेत. 'खऱ्या बहिणी आणि बाजारू बहिणी' हा भेद तिथे कुणाला सुचणारही नाही.

मिलानकर

रातकिडा, हे छान सांगितलंत. माझ्या ऑफिसातला ज्याला सगळ्यात जास्त हातवारे पाठ आहेत तो पठ्ठ्या अशाच एका क्लबचा नियमित आहे.

आता २०२३चं सांगतो, ते मी थेट पाहिलं. सानरेमो म्हणजे पाच रात्री, अरिस्तोन थिएटर, राई वाहिनी, समोर पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि दररोज मध्यरात्र उलटून गेल्यावर संपणारा कार्यक्रम. लोक दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे चोळत येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे फांतासानरेमोचा गट होता. क्रिकेटच्या फँटसी लीगसारखाच खेळ: १०० 'बाउदी'त पाच गायकांचा संघ घ्यायचा आणि त्यांनी मंचावर काय काय चाळे केले त्यावर गुण. हे चलन पिप्पो बाउदो या ज्येष्ठ निवेदकाच्या नावाचं.

पाओला-किआरा 'फुरोरे' घेऊन आल्या. दहा वर्षांनी एकत्र, वय पन्नाशीला टेकलेलं. चमचमते कपडे, नाच आणि चेहऱ्यावर 'आम्ही लाजणार नाही' असा भाव. दुसऱ्यांची गाणी म्हणायच्या रात्री मर्क अँड क्रेमोंट या डीजे जोडीबरोबर राफाएला कार्रा या गायिका-नर्तकीच्या गाण्यांची मालिका केली. कार्रा २०२१ला गेल्या, त्यामुळे अख्खं सभागृह उभं. निकाल? २८ जणांत १७व्या. पहिला मार्को मेंगोनी. पण पुढच्या आठवड्यात ऑफिसात 'फुरोरे'च वाजत होतं.

सरळसोट

१७वा क्रमांक. मी विश्रांती घेतो.

अनुराधा_म्युनिक

घेऊ नका एवढ्यात. २०२३च्या सानरेमोच्या क्रमांकात प्रेक्षकांसोबत पत्रकार आणि नमुना म्हणून निवडलेल्या श्रोत्यांच्या मंडळाचीही मतं होती, आणि भावुक संथ गाण्यांना तिथे कायम झुकतं माप. आणि कार्राची निवड बघा. कार्रांनाही आयुष्यभर 'हलकीफुलकी टीव्हीवाली' म्हणून हिणवणारे होतेच, आज त्या इटलीच्या लोकसंस्कृतीची देवी आहेत. या बहिणींनी त्या रात्री आपण कुठल्या वंशातल्या ते सांगून टाकलं. केट बुश, जोन बाएझ यांच्यासारख्या गंभीर गायिका नाही, कार्रा.

सरळसोट

हे मात्र मान्य, निवड हुशारीची होती. तरी माझं म्हणणं कायम: २०२३चं पुनरागमन हा आठवणींचा व्यापार आहे. विशीत जे ऐकलं ते पन्नाशीत पैसे मोजून पुन्हा ऐकायचं. २०२२च्या उन्हाळ्यात मॅक्स पेत्सालीच्या कार्यक्रमात दोघी एकत्र दिसल्या, लोक रडले, हिशेब जुळला, सानरेमो ठरलं. 'पेर सेंप्रे' अल्बममध्येही जुनीच गाणी पाहुण्यांना घेऊन नव्याने केलीत.

टेपरेकॉर्डर

आठवणींचा व्यापार कुणाचाही होत नाही. आधी आठवण असावी लागते.

आणि 'मारे काओस' त्याच उन्हाळ्यातलं नवीन गाणं होतं. २०२४ला सानरेमोच्या आधीचा 'प्रिमाफेस्टिव्हल' कार्यक्रमही दोघींनी चालवला आणि मुख्य मंचावर रिक्की ए पोवेरींसोबत 'सारा पेर्के ती आमो' गायल्या. रिक्की ए पोवेरी १९६७ला चौघांनी सुरू केलं, आता दोघंच उरलेत. त्या मंचावर एका नजरेत इटालियन पॉपच्या दोन पिढ्या.

गोदाकाठ

आणि त्यानंतर पुन्हा फाटाफूट. पाओला २०२४मध्ये एक्स फॅक्टर या टीव्हीवरच्या गायन स्पर्धेची परीक्षक, किआरा स्वतंत्र. मिलानकरांचं दुसरं मत बरोबर म्हणायचं का? बहिणींनी धंदा करू नये?

खमंग_भाजणी

परत आले, कारण आता माझा विषय निघाला.

मी आणि माझी मोठी बहीण मिळून दिवाळी फराळाचा व्यवसाय करतो, डोंबिवलीत. बाहेरच्या भागीदाराशी भांडण झालं तर वकील असतो. बहिणीशी भांडण झालं तर आई असते आणि आई दोघींची बाजू घेते, म्हणजे निकाल कधीच लागत नाही. एकदा चकलीच्या भाजणीत धणे किती यावरून आम्ही अख्खा सीझन फक्त चिठ्ठ्यांवर बोललो. ऑर्डरी सगळ्या वेळेवर गेल्या हं! मग ताईने दोन वर्षं वेगळं केटरिंग केलं. मला आधी धक्का बसला, मग बरं वाटलं, कारण घरी ती परत नुसती ताई झाली. पुढे एका मोठ्या ऑर्डरला तिला माणूस हवं होतं, मी गेले, पुन्हा सुरू.

त्यामुळे या दोघी वेगळ्या झाल्या, जुळल्या, परत वेगळ्या झाल्या यात मला अपयश दिसत नाही. १९९६ ते २०१३ ही सतरा वर्षं एकत्र काढली त्यांनी, तीही कॅमेऱ्यासमोर! दर मुलाखतीत 'तुमच्यात भांडणं होतात का' हा प्रश्न ऐकून! माझ्या ओळखीत एवढ्या टिकलेल्या भागीदाऱ्या मोजक्या आहेत, आणि त्यातल्या काही नवरा-बायकोंच्या आहेत, त्या धरायच्या का ते तुम्ही ठरवा.

निद्रानाशी

शेवटच्या वाक्याला +१००. धण्यांचं प्रमाण काय ठरलं शेवटी?

खमंग_भाजणी

व्यवसायाचं गुपित. ताईचं प्रमाण वेगळं आहे, आणि चूक आहे.

मिलानकर

सगळ्यांचे आभार. माझं पहिलं मत निम्मं मागे घेतो: 'खऱ्या-बाजारू'ऐवजी कानसेन काकांचं कारण स्वीकारतो, मला ते दोन आवाज ऐकू यायला हवेत. टेपरेकॉर्डर, ऐकायचा क्रम सांगा ना.

टेपरेकॉर्डर

'आमिची कोमे प्रिमा' तुम्ही ऐकलंयच. त्यानंतर १९९८च्या सानरेमोतलं 'पेर ते' शांतपणे ऐका. मग २०००चा 'टेलिव्हिजन' अख्खा अल्बम, फक्त 'वामोस' नको. त्यात 'व्हिवा एल आमोर' आहे, पण 'फिनो आल्ला फिने' सोडू नका. नाचाच्या गाण्यांमध्ये सापडलेलं ते हळवं गाणं आहे, तुम्ही शोधताय ते दोन आवाज तिथे सापडतील. मग 'फेस्तिव्हाल' आणि 'ब्लू' (२००४). 'जुंग्ला' शेवटी, आणि हेडफोनवर. सरळसोट म्हणतात तितका वाईट नाही.

सरळसोट

मी 'जुंग्ला' वाईट म्हणालोच नाही. कुणी ऐकला नाही म्हणालो. मी ऐकलाय, दोनदा.

पडदानशीन

पकडला!

अनुराधा_म्युनिक

सरळसोट, तुमच्या प्लेलिस्टचा स्क्रीनशॉट टाका बघू.

सरळसोट

नेटवर्क गेलंय.

निद्रानाशी

पुढच्या फेब्रुवारीत मराठी फांतासानरेमो गट काढूया का? मला इटालियन येत नाही, पण रात्री दोनपर्यंत जागायची पात्रता आहे.

मिलानकर

काढतो. संघ नोंदवायची वेळ आली की इथेच कळवतो. सरळसोटांना घ्यायचं का यावर आधी मतदान होईल.